नगराध्यक्षाची निवडणूक आणि आपली पूर्वतयारी
(धाराशिव जिल्ह्यातील बौद्ध उपासक-उपासिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मदीक्षेच्या विधीनंतर आपण जेव्हा घरी परततो, तेव्हा आपल्या मनात एक प्रश्न उभा राहतो. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, जुने देव्हारे सोडले, आता पुढे काय? या प्रश्नाचे धार्मिक उत्तर आपणांस भिक्खुसंघ देईलच. मी आज त्याच्या नागरिक बाजूविषयी बोलणार आहे. माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचा निर्धार ज्याने केला, त्याने आपल्या गावाच्या कारभाराकडे पाठ फिरवून चालणार नाही. वस्तीतील गटार, नळाचे पाणी, दिव्याचा खांब, स्मशानभूमीची वाट आणि झाडूवाल्या बंधूंची मजुरी हे सारे ज्या इमारतीत ठरते, त्या नगरपरिषदेच्या इमारतीत आपला माणूस कोणत्या मार्गाने जातो आणि बहुधा का जात नाही, याचा विचार आज करावयाचा आहे.

आपल्या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा अशा आठ नगरपरिषदा आहेत. लोहारा व वाशी येथे नगरपंचायती आहेत. मोठ्या शहरांत महापौर असतो, आपल्याकडे नगराध्यक्ष. हे पद जनतेने थेट निवडावे की नगरसेवकांनी, याविषयी राज्याचे धोरण वारंवार बदलले. २०१६ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. २०१६ नंतरची निवडणूक व्हावयास २०२५ चा डिसेंबर उजाडला. मधली काही वर्षे नगरपरिषदांचा कारभार लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती नसून प्रशासकांच्या हाती होता.

या निवडणुकीत आपल्यातील अनेक होतकरू तरुणांनी आणि भगिनींनी उत्साहाने भाग घेतला. पुष्कळांच्या पदरी निराशा आली. पराभवानंतर जी कारणे सांगण्यात येतात, ती आपण सर्वांनी ऐकली आहेत. कोणी पैशाला दोष देतो, कोणी फुटीला, कोणी यंत्राला. या कारणांत काही तथ्य असेल. परंतु एक कारण असे आहे की, जे दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे आणि ज्याचा उच्चार क्वचितच होतो. आपण उशिरा निघतो. सत्तेवर बसलेल्या माणसाला आव्हान देऊ इच्छिणारा आपला उमेदवार दिवाळीनंतर जागा होतो, आणि तोपर्यंत निवडणूक जवळजवळ संपलेली असते.

हे मी अतिशयोक्तीने बोलत नाही. २०२५ चे वेळापत्रकच पाहा. निवडणुकीची घोषणा ४ नोव्हेंबरला झाली. नामनिर्देशनपत्रे १० ते १७ नोव्हेंबर या काळात स्वीकारण्यात आली. १८ ला छाननी झाली. निवडणूक चिन्हे २६ नोव्हेंबरला मिळाली आणि मतदानाचा दिवस होता २ डिसेंबर. म्हणजे ज्याच्यापाशी मान्यताप्राप्त पक्षाचे चिन्ह नाही, अशा अपक्षाला वा लहान पक्षाच्या उमेदवाराला आपले चिन्ह कोणते हे मतदारास सांगण्यासाठी जेमतेम सहा दिवस मिळाले. काही ठिकाणी न्यायालयीन अपिलांमुळे मतदान २० डिसेंबरपर्यंत लांबले, ही गोष्ट निराळी. सहा दिवसांत एका माणसाने शहरातील किती उंबरे झिजवावेत? ज्याचे नाव लोकांना आधीपासून ठाऊक आहे, त्याला सहा दिवस पुरतात. ज्याचे नाव पहिल्यांदाच कानी पडते, त्याला सहा आठवडेही पुरणार नाहीत.

सत्तारूढ माणसाचा प्रचार तर पाच वर्षे अखंड चालू असतो. रस्त्याच्या भूमिपूजनाला तो, शाळेच्या बक्षीससमारंभाला तो, लग्नाच्या मांडवात तो आणि मयताच्या दारातही तोच. गटारावर फरशी बसली की कोनशिलेवर त्याचे नाव येते. त्याच्यावर टीका करणारे आपण त्याच फरशीवरून रोज चालतो आणि ते नाव वाचतो. त्याच्याशी सामना देणाऱ्याने सहा दिवसांच्या कर्ण्यावर विसंबून राहणे म्हणजे पेरणी न करता खळ्यावर जाऊन बसण्यासारखे आहे.

आता दुसरी बाब पाहू. मत देण्याचा अधिकार संविधानाच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ नागरिकांस दिला, परंतु तो बजावण्यासाठी यादीत नाव असावे लागते. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीसाठी विधानसभेची १ जुलै २०२५ या दिवशीची मतदार यादी आधार म्हणून घेण्यात आली होती. नोव्हेंबरमध्ये ज्या उमेदवाराने वस्तीत फिरून पाहिले की सून लग्न होऊन आली पण तिचे नाव माहेरीच राहिले, मुलगा अठरा वर्षांचा झाला पण त्याचे नाव नोंदलेच नाही, त्याला हळहळण्यावाचून काहीही करता येत नव्हते. दार जुलैमध्येच बंद झाले होते. दरवर्षी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरून नवीन नावांची नोंदणी करता येते. नवीन नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावयाचा असतो. हे काम वर्षभर करता येते. त्याला पैसा लागत नाही, मोठ्या पुढाऱ्याची शिफारस लागत नाही. लागते ती एक वही, एक लेखणी आणि घरोघर जाण्याची तयारी.

तिसरी बाब तर खास आपल्या भागाची आहे. भूम, वाशी, कळंब, परंडा या बाजूंनी कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता घेऊन नवरा-बायको दोघेही जातात, आणि मागे म्हातारी माणसे तेवढी राहतात. २०२५ चे मतदान गाळप हंगाम सुरू झाल्यानंतर झाले. नोव्हेंबरच्या अखेरीस प्रचाराला निघालेल्या उमेदवाराला अशा घरांच्या दारांवर कुलपे दिसणार, हे उघड आहे. ज्याने पावसाळ्यातच या कुटुंबांची भेट घेतली, कोण कोणत्या कारखान्यावर जाणार याची टिपणे ठेवली, मतदानाच्या दिवसासाठी मुकादमाशी आधीच बोलणे केले, त्याला ही मते मिळण्याची आशा धरता येते. इतरांच्या लेखी ती मते कागदावरच राहतात. ज्यांचे हात सर्वांत अधिक राबतात, त्यांचाच आवाज मतपेटीत सर्वांत कमी उमटावा, हे दुःख नियतीने आणलेले नाही. ते आपल्या ढिलाईनेही आणलेले आहे.

चौथी बाब कागदपत्रांची. राखीव जागेवर उभे राहणाऱ्यास जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागते. पडताळणी झालेली नसेल, तर अर्ज केल्याची पोच आणि ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र सादर करण्याचे हमीपत्र द्यावे लागते. मुदत टळली की जिंकलेली जागाही जाते. नवदीक्षित कुटुंबांनी येथे विशेष सावध राहिले पाहिजे. धर्मांतरामुळे आपल्या सवलती गेल्या, अशी भीती अजूनही काही घरांत ऐकू येते. ती भीती आज निराधार आहे. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्येच बौद्धांना सवलती लागू केल्या आणि १९९० मध्ये अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. तथापि, धर्म बौद्ध असला तरी मूळची अनुसूचित जात सिद्ध करावी लागते, आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले वाडवडील येथलेच रहिवासी होते याचा पुरावा द्यावा लागतो. त्या काळी आपला जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या मुलखात मोडत होता. त्या राजवटीतील कित्येक नोंदी उर्दूत किंवा मोडीत आहेत. आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, खासरा पत्रक शोधून काढणे, ते वाचवून घेणे आणि त्याची नक्कल मिळवणे हे आठ दिवसांत होणारे काम आहे काय? ज्याला हे काम आज करता येते, त्याने ते उमेदवारी अर्जाच्या आठवड्यापर्यंत लांबवू नये. आणि निवडणूक लढवावयाची नसली, तरी हेच कागद मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील.

पाचवी बाब माहितीची. "नगरपरिषदेने आमच्या वस्तीसाठी काही केले नाही" असे म्हणणे सोपे आहे. किती निधी आला, किती खर्च झाला, कोणत्या गल्लीचा रस्ता कागदावर पूर्ण झाला आणि जमिनीवर अपुरा राहिला, हे आकड्यांनिशी सांगणे अवघड आहे, आणि मतदारांवर प्रभाव पडतो तो आकड्यांचाच. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये झाला. त्याखाली अर्ज केल्यास उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, आणि उत्तर न आल्यास अपिलात आणखी दिवस जातात. घोषणेनंतर जागा होणाऱ्या उमेदवाराला, २०२५ च्या वेळापत्रकाप्रमाणे, मतदानापूर्वी एकाही अर्जाच्या उत्तराची खात्री बाळगता आली नसती. याउलट, जो दरवर्षी अंदाजपत्रक मागवून वाचतो, मागासवर्गीय वस्त्यांच्या नावे आलेल्या निधीचा हिशेब ठेवतो आणि तो चावडीवर वाचून दाखवतो, त्याचा प्रचार निवडणुकीची वाट पाहत नाही. तो आपोआप होत राहतो.

बंधुभगिनींनो, येथे आपल्या चळवळीच्या इतिहासातील एक धडा आठवावा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून ठराव केला. पण तळ्यावर जाण्याची हिंमत कोणाला झाली नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. लोकांची मने तयार झाली, कार्यकर्ते उभे राहिले, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखे स्पृश्य समाजातील सहकारी मिळाले, आणि मगच २० मार्च १९२७ चा दिवस उजाडला. ठरावापासून सत्याग्रहापर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ गेला. तो काळ वाया गेला, असे कोण म्हणेल?

याच इतिहासाची पुढची बाजूही ध्यानात ठेवावी. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. लढा न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. ठराव करणारी आणि ठराव मोडणारी नगरपालिका एकच होती. तेथे बहुमत आपल्या बाजूचे असते, तर दहा वर्षांचे न्यायालय टळले असते. नगरपालिकेच्या खुर्चीची किंमत यापेक्षा निराळ्या शब्दांत काय सांगावी!

बाबासाहेबांनी निवडणुकीच्या बाबतीतही हीच शिस्त पाळली. स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना त्यांनी ऑगस्ट १९३६ मध्ये केली आणि निवडणूक होती फेब्रुवारी १९३७ मध्ये. सहा महिने अगोदर पक्ष आणि जाहीरनामा लोकांसमोर होता. त्यामागे आधीच्या दशकभराचे काम होते. म्हणूनच नव्या पक्षाचे बहुतांश उमेदवार निवडून आले. आपल्या जिल्ह्यालाही त्यांचा सहवास लाभला आहे. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तेथे आले. माणसांना एकत्र करण्यासाठी ते आले होते. महार आणि मांग या दोन समाजांना त्यांनी एका मांडवात बसवले, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे.

कारण नगराध्यक्ष थेट निवडला जातो, तेव्हा अवघे शहर मत देते. एका वस्तीच्या बळावर नगरसेवक निवडून येऊ शकेल, नगराध्यक्ष येऊ शकणार नाही. मातंग बांधव, मुस्लिम मोहल्ले, धनगर, वडार, कैकाडी, हमाल, भाजीवाल्या भगिनी आणि कष्ट करून पोट भरणारी मराठा कुटुंबे यांच्या दारी जावे लागेल. त्यांच्या नळाला पाणी येत नसेल, तर तो प्रश्न आपला मानावा लागेल. मते मागण्यासाठी एकदाच आलेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. विश्वास ही चीज दिवसांनी मोजली जात नाही. ती ऋतूंनी मोजावी लागते. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत जो आपल्याबरोबर उभा होता, तो थंडीत मत मागावयास आला तर लोक त्याला ओळखतात.

पैशाविषयी एक शब्द. निवडणुकीच्या शेवटच्या आठवड्यात नोटा आणि बाटल्या यांचा बाजार मांडला जातो, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो. त्या बाजारात गरीब उमेदवार कधीही टिकणार नाही. त्याचे भांडवल एकच आहे आणि ते म्हणजे वेळ. शेवटच्या आठवड्याची निवडणूक पैसेवाल्याची, पाच वर्षांची निवडणूक पायी चालणाऱ्याची. आपण स्वतःच आपली लढाई शेवटच्या आठवड्यात नेऊन ठेवली, तर आपण प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात त्याच्याच अटींवर कुस्ती धरली असे होईल. पाचवे शील सांभाळणाऱ्या उपासकाने बाटली नाकारावी हे तर ठरलेलेच आहे. पण ज्याच्या घरी वर्षानुवर्षे कोणी विचारपूस करीत आले आहे, त्याला ती नाकारणे सोपे जाते.

यावर काही जण एक आक्षेप घेतात आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. ते म्हणतात, "नगराध्यक्षपदाचे आरक्षण कोणासाठी निघेल हे आधी कळत नाही. मग आजपासून कोणी कष्ट करावेत?" गोष्ट खरी आहे. २०२५ मध्ये आरक्षणाची सोडत ६ ऑक्टोबरला निघाली. राज्यातील २४७ नगरपरिषदांपैकी ३३ ठिकाणी हे पद अनुसूचित जातींसाठी राखीव झाले, आणि त्यांपैकी १७ ठिकाणी महिलांसाठी. सोडतीपासून अर्ज भरण्याच्या पहिल्या दिवसापर्यंत ३५ दिवस होते. ज्यांनी सोडतीची वाट पाहिली, त्यांनी आपली सारी तयारी या ३५ दिवसांत कोंबली. माझे उत्तर असे की, आरंभ व्यक्तीने करू नये, वस्तीने करावा. यादी तपासणे, कागद जुळवणे, हिशेब मागणे, शेजाऱ्यांशी संबंध जोडणे ही कामे समितीची आहेत. त्या समितीत निम्म्या भगिनी असाव्यात. सोडत निघेल तेव्हा त्या कामातून तावून निघालेल्यांपैकी जो पात्र असेल, मग तो पुरुष असो वा स्त्री, त्याला उभे करावे. असे केल्याने "मीच उमेदवार" म्हणणाऱ्यांची भांडणेही कमी होतील. आणि भगिनी निवडून आली, तर तिला पतीच्या सांगण्यावरून सही करण्याची पाळी येणार नाही. कारण कारभार ती आधीच शिकलेली असेल. आणि समजा, पद आपल्यासाठी राखीव निघालेच नाही, तर खुल्या जागेवर लढण्यास कोणाची मनाई आहे? आणि तेही शक्य नसेल, तर ज्याच्यापाशी नीट यादी आणि एकजूट आहे, त्याच्याशी इतर उमेदवार अदबीने बोलतात.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. "लवकर पुढे आलो, तर लवकर डोळ्यांवर येऊ, काम बंद होईल, किराणा बंद होईल, दमदाटी होईल." ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. अनेकांनी हे सोसले आहे. पण कायद्याचे बळ ठाऊक असावे. अनुसूचित जातीच्या माणसाने मत देऊ नये, अर्ज भरू नये किंवा भरलेला मागे घ्यावा म्हणून जबरदस्ती करणे वा धाक घालणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. उमेदवारीविषयीची ही स्पष्ट तरतूद २०१५ च्या दुरुस्तीने आली. सामाजिक बहिष्काराविरुद्धही महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. शिवाय, एकटा माणूस ऐन वेळी पुढे आला तर त्याला गाठणे सोपे असते. चाळीस घरे वर्षभर एकत्र काम करीत असतील, तर ते तितके सोपे नसते.

एक सावधगिरीची सूचना. विहारात धम्माचे वाचन व्हावे, वंदना व्हावी, मुलांचा अभ्यास व्हावा. तेथे उमेदवाराचा फलक लावू नये. धर्मस्थळाचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेस मान्य नाही आणि धम्माच्या प्रतिष्ठेसही शोभत नाही. समितीची बैठक समाजमंदिराच्या ओट्यावर किंवा कोणाच्या अंगणात घ्यावी. वर्गणी अल्प असावी, पण तिचा जमाखर्च दर महिन्याला सर्वांसमोर वाचला जावा. उमेदवार उभा राहिल्यावर निवडणूक खर्चाचा हिशेबही मुदतीत द्यावा लागतो आणि न दिल्यास अपात्रता येते. ज्या समितीला हिशेबाची सवय आहे, तिचा उमेदवार या खड्ड्यात पडणार नाही.

तथागतांनी वज्जी गणराज्याच्या लोकांना जे उपदेशिले, ते येथे आठवते. जोवर ते वारंवार सभेत एकत्र जमतील, एकदिलाने जमतील आणि एकदिलाने उठतील, तोवर त्यांची हानी न होता वृद्धीच होईल, असा त्या उपदेशाचा आशय आहे. 'वारंवार' या शब्दावर माझे बोट आहे. पाच वर्षांतून एकदा, तेही मतदानाच्या आदल्या आठवड्यात, असे तेथे सांगितलेले नाही. अप्पमाद म्हणजे गाफील न राहणे, हा आपल्या धम्माचा मुख्य उपदेश आहे. तो ध्यानाला लागू आहे तसाच मतदार यादीलाही लागू आहे.

तेव्हा उपासक-उपासिकांनो, २०२५ च्या निकालावर हळहळत बसू नका. नगरपरिषदेची मुदत पाच वर्षांची असते. या अवधीतील पहिले काम अगदी लहान आहे. घरी गेल्यावर आपल्या घरातील प्रत्येक सज्ञान माणसाचे नाव यादीत आहे की नाही, ते पाहा. मग शेजारच्या घराचे पाहा. वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपण रोज सायंकाळी ग्रंथवाचनाला जमतोच. वाचन संपवून विहाराबाहेर पडल्यावर दोन माणसांनी दोन घरांत डोकावून यावे. अशा रीतीने वही भरेल, कागद जुळतील, माणसे जुळतील. आणि पुढची सोडत निघेल तेव्हा "आता कोणाला उभे करावे?" हा प्रश्न आपल्यापुढे उरणार नाही. उरेल तो केवळ अर्ज भरण्याचा दिवस.

जय भीम. नमो बुद्धाय.